दत्तावसर : सवडीने लिहिणाऱ्या लेखकाविषयी

१

वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांची नोंद होते असे लेखक आणि प्रत्यक्षात ज्यांच्या हातून लेखन होत असते असे लेखक, यांच्या संख्येत फार मोठी तफावत असते. दिवसभर कचेरीत, वर्गात, दुकानात किंवा स्वयंपाकघरात राबून उरलेल्या वेळात कथा-कविता लिहिणारी माणसे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यासाठी आपल्या समीक्षेजवळ 'हौशी' हा एकच शब्द आहे, आणि तोही बहुधा किंचित उपहासाच्या सुरात वापरला जातो. अशा लेखकाला विचारावे तर तो स्वतःही दोनच गोष्टी सांगतो : वेळ मिळत नाही आणि मिळाला तर उमेद राहत नाही. ही तक्रार इतकी परिचयाची आहे की तिच्याकडे कोणी वाङ्मयीन प्रश्न म्हणून पाहत नाही. ती व्यक्तिगत अडचण मानली जाते आणि तिच्यावर नियमितपणाचा उपदेश करून विषय संपवला जातो.

प्रस्तुत लेखात या तक्रारीकडे निर्मितिप्रक्रियेच्या आणि वाङ्मयव्यवहाराच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मुंबई-पुण्यापासून दूर असलेले एक स्थळ निवडले आहे, ते म्हणजे छत्तीसगडमधील रायपूरचा बूढापारा. 'पारा' म्हणजे वस्ती, आपल्याकडची आळी. बूढा तलावाच्या काठची ही जुनी वस्ती हिंदीभाषकांना विवेकानंदांमुळे ठाऊक आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र कुटुंबासह येथे आला व सुमारे दोन वर्षे राहिला. त्या काळात त्याचे शिक्षण शाळेत झाले नाही. ते घरी, वडिलांशी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या विद्वान मंडळींशी होणाऱ्या बोलण्यातून झाले. मराठी वाचकाच्या दृष्टीने या भागाचे महत्त्व वेगळे आहे. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. भोसल्यांच्या अमलापासून येथे स्थायिक होत गेलेल्या कुटुंबांमुळे रायपुरात मराठी बोलणारी घरे आजही आहेत. या घरांतून लेखक निपजले. परंतु त्यांतील सर्वांत मोठी नावे हिंदी वाङ्मयाची झाली. असे का झाले, या प्रश्नात सवडीच्या लेखनाचे मर्म दडलेले आहे, असे मला वाटते.

२

मराठीत 'छंद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आवड, मनाला लागलेली ओढ. दुसरा वृत्त, म्हणजे अक्षरांची ठरलेली बांधणी. या दोन अर्थांचे एका शब्दात राहणे बोलके आहे. ओढ टिकायची तर तिला आवर्तन हवे. सवड, उसंत, फुरसत, फावला वेळ या सर्व शब्दांत वेळ उरतो, आपोआप हाती येतो, अशी कल्पना आहे. 'छंद' या शब्दात मात्र वेळ बांधला जातो.

आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार झाला नाही, असे समजण्याचे कारण नाही. काव्यशास्त्रकारांपैकी राजशेखराने तो अतिशय व्यवहारी दृष्टीने केला आहे. त्याची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रथम ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळातील हा कवी व शास्त्रकार कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता. पुढे त्याचा संबंध त्रिपुरीच्या कलचुरींशी आला. याच कलचुरी कुळाच्या शाखांनी नंतर रतनपूर व रायपूर येथे राज्य केले. त्याच्या घराण्याचे नाते महाराष्ट्राशी सांगितले जाते. तेव्हा राजशेखराला रायपुरातील मराठी लेखकाचा दूरचा पूर्वज मानण्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात कविचर्या सांगितली आहे. दिवसाचे प्रहर पाडून त्याने पहिला प्रहर विद्याभ्यासाला, दुसरा काव्यरचनेला, तिसरा काव्यगोष्ठीला आणि चौथा सकाळी केलेल्या रचनेच्या परीक्षणाला दिला आहे. ही आदर्श दिनचर्या झाली. परंतु सर्वांना ती शक्य नाही, हे जाणून त्याने वेळेच्या दृष्टीने कवींचे चार प्रकार केले. गुहेत किंवा तळघरात स्वतःला कोंडून घेऊन लिहिणारा तो असूर्यंपश्य. तितका एकांत न धरता पण मन लावून रचनेला बसणारा तो निषण्ण. या दोघांना सर्वच काळ आपला. काही निमित्ताने, प्रसंग पडला म्हणून लिहिणारा तो प्रायोजनिक. त्याचा काळ ते निमित्त ठरवते. आणि चाकरी वगैरे व्यवसायांना बाध न आणता लिहिणारा तो दत्तावसर.

'दत्तावसर' हा शब्द मराठी समीक्षेने उचलायला हवा होता. ज्याला अवसर दिला गेला आहे तो, असा त्याचा सरळ अर्थ. यात कमीपणाची छटा मुळीच नाही. राजशेखर या कवीसाठी मोजक्या वेळाही सांगतो : रात्रीचा शेवटचा भाग, ज्याला तो सारस्वत मुहूर्त म्हणतो, भोजनानंतरचा वेळ, पालखीतून प्रवास करतानाचा वेळ. प्रवासाचे कारणही तो देतो. इतर विषयांपासून सुटलेले चित्त त्या वेळी जिथे लावावे तिथे लागते. लोकलच्या डब्यात किंवा एस.टी.च्या खिडकीशी कवितेची जुळणी करणाऱ्या आपल्या कवींना हे वाचून परके वाटणार नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की रचना का नष्ट होतात याची कारणे सांगताना त्याने लेखकाच्या मनाचा एक स्वभाव नेमका पकडला आहे. पुढे पूर्ण करीन, पुढे संस्कार करीन, मित्रांशी बोलून मग ठरवीन, अशी जी कर्त्याची चलबिचल, ती राजशेखराच्या मते ग्रंथनाशाचे कारण असते. आणि तिच्या जोडीला तो राष्ट्रावर येणाऱ्या संकटाचे नाव घेतो. चालढकल आणि राज्यक्रांती एका ओळीत बसवणारा हा शास्त्रकार लेखकाला चांगला ओळखत होता. त्याच्या स्वतःच्या योजिलेल्या अठरा अधिकरणांपैकी आज फक्त पहिले उपलब्ध आहे, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

३

आता बूढापाऱ्याकडे वळू. तेथे माधवराव सप्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा आहे. सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचा मृत्यू झाला. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरी न पत्करता त्यांनी पेंड्रा येथे राजकुमाराला शिकवण्याचे काम स्वीकारले आणि जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांचे सहसंपादक रामराव चिंचोलकर. प्रकाशक वामन बळीराम लाखे, जे पुढे रायपुरात वकील म्हणून आणि सहकारी चळवळीतील कार्यकर्ते म्हणून नावाजले. तिघेही मराठीभाषक. मासिक तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी १९०२ च्या अखेरीस बंद पडले. त्या तीन वर्षांत हिंदीतील पुस्तकपरीक्षणाची पायाभरणी त्यात झाली. आणि १९०१ साली सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा तेथे प्रसिद्ध झाली, जिला हिंदीतील पहिल्या कथेचा मान देण्याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा चालू राहिली.

तीन मराठी माणसे शिकवणी, शिक्षण आणि संसार सांभाळून मासिक काढतात, तेव्हा त्यांना वेळ कुठून मिळाला हा प्रश्न आपण विचारतो. खरा प्रश्न असा आहे की त्यांना हिंदीत लिहावेसे का वाटले. त्यांना मराठी वाङ्मयाविषयी दुरावा होता म्हणून नव्हे. सप्रे यांनी 'दासबोध' हिंदीत आणला. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही त्यांनी केला. उत्तर सरळ आहे : त्यांच्याभोवती ज्याला सांगायचे होते तो वाचक हिंदीचा होता. लेखनाची उमेद आतून येते असे आपण म्हणतो. ती आतून येते हे खरे, पण जिथे कोणी वाट पाहत असते तिकडे ती वाहते. या मंडळींनी मराठीचा त्याग केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या थोड्या वेळाला जिथे अर्थ होता तिथे तो लावला.

हीच गोष्ट दोन भावांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१-१९८४) हे एकाच मराठी घरातले. थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत. शरच्चंद्रांच्या नावावर 'नवी मळवाट', 'यात्रिक' हे संग्रह, 'क्षिप्रा', 'सरहद्द', 'जन हे वोळतु जेथे' ही कादंबरीत्रयी आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' हे समीक्षाग्रंथाचे काम आहे. दोघेही नोकरी करून लिहिणारे, दोघेही दत्तावसर. घर एक, संस्कार एक, आर्थिक ओढाताण थोड्याफार फरकाने सारखी. भाषा मात्र ज्याच्या त्याच्या संगतीने ठरवली. प्रतिभेचा विचार करताना संगतीचा हा भाग आपण फारच कमी लेखतो.

४

गजानन मुक्तिबोधांचे उदाहरण येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. शाळामास्तर, संपादक, नागपुरात माहिती खात्यातील व आकाशवाणीतील नोकरी, 'नया खून' या साप्ताहिकातले काम अशा वळणांनी १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. राजनांदगाव रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर. तेथील बूढा सागर आणि राणी सागर या तळ्यांच्या सान्निध्यात त्यांची शेवटची सहा वर्षे गेली. त्यांचे पुष्कळसे महत्त्वाचे लेखन याच काळातले आहे.

'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकातील 'तीसरा क्षण' या लेखात त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर एखाद्या कल्पनाचित्रासारखा उभा राहतो तेव्हाचा. तिसरा, ते चित्र शब्दबद्ध होण्याच्या प्रक्रियेच्या आरंभापासून तिच्या पूर्णतेपर्यंतचा. ही मीमांसा सौंदर्यशास्त्रीय म्हणून पुष्कळदा चर्चिली गेली आहे. तिच्याकडे वेळेच्या दृष्टीने पाहिले तर एक वेगळीच गोष्ट दिसते.

पहिल्या क्षणाला सवड लागत नाही. उलट, तो कामाच्या, माणसांच्या, ओढाताणीच्या गर्दीतच येतो. पूर्णवेळ लेखक होऊन जो जगण्याच्या व्यवहारापासून बाजूला जातो त्याचा हा क्षणच आटण्याची भीती असते. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा 'लेखकराव' होण्याविषयी जो इशारा दिला, त्याचा एक अर्थ असाही घेता येईल. दुसऱ्या क्षणालाही स्वतंत्र वेळ लागत नाही. त्याला अंतर लागते, आणि ते अंतर माणूस फायली हातावेगळ्या करत असतानाही पडत असते. टेबल, कागद आणि दार बंद करण्याची सोय लागते ती केवळ तिसऱ्या क्षणाला. म्हणजे 'वेळ मिळत नाही' ही तक्रार निर्मितिप्रक्रियेच्या एका भागापुरती खरी आहे. आपण मात्र ती संपूर्ण प्रक्रियेला लावतो आणि पहिल्या दोन क्षणांची राखण करण्याचेही सोडून देतो.

तुरुंगातील लेखनाची उदाहरणे या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. टिळकांनी मंडालेच्या कारागृहात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा मसुदा लिहून काढला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिली. ही उदाहरणे सांगून 'वेळ मिळाला की असे लेखन होते' असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. टिळकांच्या मागे अनेक वर्षांचे गीताचिंतन होते. गुरुजींच्या मागे आईच्या आठवणींत घालवलेले सारे वय होते. तुरुंगाने त्यांना तिसरा क्षण दिला. पहिले दोन त्यांनी बरोबर नेले होते.

याच्या उलट टोकाला बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आहेत. त्यांची गाणी जात्यावर, शेतात, चुलीपाशी काम चालू असताना झाली. येथे तिन्ही क्षण श्रमाच्या वेळातच सामावले, कारण लिहिण्याची गरजच नव्हती. पण ती आपल्यापर्यंत पोचली ती मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी उतरून घेतली म्हणून, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले म्हणून. ऐकणारा आणि टिपून घेणारा नसता तर 'उपजत प्रतिभा' हा शब्द वापरण्याची संधी आपल्या समीक्षेला मिळालीच नसती. अशी किती जाती मुकी राहिली असतील, याचा हिशोब कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही.

तरीही उणीव आणि कष्ट यांचे उदात्तीकरण होता कामा नये. गिरणीतले काम आणि शाळेतील शिपायाची नोकरी यांतून नारायण सुर्वे 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) पर्यंत पोचले, हे सांगताना किती जण वाटेतच थांबले हेही मनात असावे. मुक्तिबोधांच्या बाबतीत तर किंमत उघड आहे. १९६२ साली त्यांच्या भारताच्या इतिहास व संस्कृतीवरील पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. दोन वर्षांनी दीर्घ आजारात त्यांचा अंत झाला. 'चाँद का मुँह टेढा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह १९६४ मध्येच निघाला. तो त्यांना पाहता आला नाही. थोडा वेळ मिळूनही मोठे लेखन होऊ शकते याचा पुरावा म्हणून त्यांचे नाव घेणे सोपे आहे. थोडा वेळ मिळाल्यामुळे काय राहून गेले, हे विचारणे अधिक प्रामाणिक होईल.

५

येथे एक व्यक्तिगत अनुभव नोंदवतो. काही वर्षांपूर्वी बूढापाऱ्यातील एका मराठी घरी मला जुन्या वह्या दाखवण्यात आल्या. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी सरकारी नोकरी सांभाळून मराठीत कथा लिहिल्या होत्या, बहुतेक जुन्या रोजनिश्यांच्या कोऱ्या पानांवर. कथा सगळ्याच चांगल्या होत्या असे नाही. चार-पाच मात्र अशा होत्या की त्या कोणत्याही चांगल्या दिवाळी अंकात शोभल्या असत्या. त्यांतील मराठीत छत्तीसगडी शब्द सहज मिसळले होते. 'तरिया', 'बासी', 'पारा' हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय आले होते. मराठी कथेत क्वचितच आलेला प्रदेश त्या पानांवर आला होता.

प्रत्येक कथेखाली तारीख होती. समीक्षकाच्या सवयीने मी त्या तारखा क्रमाने लावल्या, आणि एक गोष्ट लक्षात आली. कथा वर्षभर विखुरलेल्या नव्हत्या. त्या दरवर्षी भाद्रपदाच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात एकवटल्या होत्या. विचारल्यावर कळले की त्या काळात गणेशोत्सवात वस्तीतल्या मराठी मंडळींचे एक हस्तलिखित निघत असे. एकच प्रत, घरोघर फिरणारी. ते हस्तलिखित बंद झाले आणि पुढे तीन-चार वर्षांत तारखाही थांबल्या. ते गृहस्थ निवृत्त झाले ते त्यानंतर. निवृत्तीनंतरच्या पंधरा वर्षांत, म्हणजे वेळच वेळ असताना, वहीत एकही कथा नव्हती.

हे मला परके वाटले नाही. अध्यापनाच्या काळात मीही एक कादंबरी मनात बाळगली होती आणि निवृत्तीनंतर ती लिहीन असे स्वतःला सांगत आलो होतो. निवृत्त झालो, टेबल होते, सकाळ होती. कादंबरी आली नाही. परीक्षणे मात्र वेळेवर लिहून होत होती, कारण ती कोणी तरी मागत होते. राजशेखराने सांगितलेली चलबिचल मी पुस्तकात वाचली होती. ती मला स्वतःत उशिरा सापडली.

या वह्यांवरून निष्कर्ष असा निघतो की सवडीच्या लेखकाला वेळेपेक्षा अपेक्षेची उणीव अधिक जाचते. वर्षातून एकदा चाळीस घरे वाट पाहतात, एवढी अपेक्षा त्या गृहस्थांना पुरेशी होती. मम्मटाने सांगितलेल्या काव्यप्रयोजनांपैकी यश आणि अर्थ या दोहोंची आशा त्यांना नव्हती. चाळीस घरांत फिरणाऱ्या हस्तलिखिताने यश ते काय मिळणार? पण तेथे ऐकणारा होता, आणि ठरलेली तारीख होती.

मराठी वाङ्मयाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून एक परंपरा सुरू झाली. दिवाळी अंकांची चर्चा आपण जाहिराती, खप आणि दर्जा या अंगांनी करतो. सवडीने लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो एक पंचांगाचा भाग आहे. ज्याची नोकरी वर्षाचे अकरा महिने खाते त्याला श्रावणात कोणी तरी पत्र पाठवून कथा मागते, आणि मग पहाटेचा वेळ सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) ग्रंथरूप होण्यापूर्वी 'संजीवनी'तून क्रमशः येत होती. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या आणि साठीकडे झुकलेल्या त्या गृहिणीला पुढचे प्रकरण हवे आहे असे सांगणारा कोणी होता, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या निर्मितीत गौण मानता येणार नाही. आपण मात्र प्रतिभेचे गुणगान करतो आणि मागणाऱ्याचे नाव विसरतो.

राजशेखराच्या दिनचर्येत तिसरा प्रहर गोष्ठीचा आहे, आणि राजाने कविसमाज भरवावा असेही त्याने सांगितले आहे, त्यामागचे कारण हेच असावे. दत्तावसर कवी त्याच्या मांडणीत एकटा नाही. त्याला अवसर दिलेला आहे. हा अवसर स्वतःसाठी काढणे हे त्याचे काम. त्या अवसराला अर्थ देणे हे समाजाचे.

६

येथवर आल्यावर एक आक्षेप उभा राहतो. अपेक्षा, गोष्ठी, ठरलेली तारीख यांच्यामुळे लेखन होईल. पण ते चांगले होईल का? प्रसंगासाठी लिहिणारा प्रायोजनिक आणि सवडीने लिहिणारा दत्तावसर यांतील सीमा पुसली जाणार नाही का? आक्षेप योग्य आहे. हस्तलिखितांत आणि मंडळांच्या अंकांत जे छापले जाते त्यातील बरेचसे शुभेच्छापर असते. ओळखीची माणसे ओळखीच्या माणसांची स्तुती करतात, आणि 'छंद म्हणून लिहितो' ही सबब पुढे करून लेखक स्वतःला परीक्षणातून सोडवून घेतो.

याला उत्तर राजशेखराच्या चौथ्या प्रहरात आहे. सकाळी लिहिलेले संध्याकाळी तपासायचे. रचनेच्या आवेशात असताना दोष दिसत नाहीत, म्हणून नंतर परीक्षण. समर्थांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, शाई, कागद यांचा बारकाईने विचार केला, हे मला या संदर्भात उद्बोधक वाटते. ते लेखन नकलेचे आहे, निर्मितीचे नव्हे, हे मान्य. परंतु लिहिणे हे हाताचे काम आहे आणि ते नीट करण्यात एक नीती आहे, ही त्यामागची धारणा सर्जनशील लेखनालाही लागू पडते. छंद म्हणून केलेले काम कमी प्रतीचे असावे असा कोणताही नियम नाही. भजनी मंडळातला पखवाजिया पोटासाठी वाजवत नाही, म्हणून त्याला ताल चुकवण्याची मुभा मिळत नाही.

या चौथ्या प्रहरात समीक्षेची जबाबदारी येते, आणि ती आपण पार पाडलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. बृहन्महाराष्ट्रातील लेखनाविषयी आपण दोन प्रकारे बोलतो : संमेलनांच्या व्यासपीठावर कौतुकाने आणि विद्यापीठांत मौनाने. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, इंदूर येथील मराठी लेखनाला या दोहोंचा उपयोग नाही. त्याला हवा आहे तो वाचून मत देणारा माणूस; 'ही कथा तिसऱ्या पानावर संपली आहे, पुढची चार पाने काढा' असे पत्र लिहिणारा. अशा एका पत्राने लेखकाला जितकी उमेद मिळते तितकी शालीने मिळत नाही.

बूढापाऱ्यातील त्या गृहस्थांना मी एकदाच भेटलो. वह्या वाचून झाल्यावर मी त्यांना त्या चार-पाच कथांविषयी सविस्तर सांगितले. काय साधले आहे, कुठे घाई झाली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "म्हणजे तुम्ही सगळ्या वाचल्यात?" प्रश्नात आश्चर्य होते, तक्रार नव्हती. मला ती तक्रारच वाटली, आणि ती आपल्या सर्व वाङ्मयव्यवहाराविषयी होती.

सप्रे आणि मुक्तिबोध यांनी आपला थोडका वेळ जिथे वाचक होता त्या भाषेला दिला. त्याबद्दल हिंदीने त्यांचे ऋण मानले आहे. छत्तीसगडातील मराठी घरांत आजही कोणी पहाटे उठून मराठीत लिहीत असेल, तर त्याच्यापुढे तोच प्रश्न आहे. वेळ त्याने काढलेला आहे. तो कोणासाठी काढला, याचे उत्तर एकट्या त्याने द्यावे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आठवड्यानंतर रायपूरहून एक पाकीट आले. आत एका जुन्या कथेची नवी प्रत होती. शेवटची चार पाने काढून टाकलेली होती, आणि खाली तारीख होती.